लोगो लहान केला की शिरोरेषा तुटते, छटांचे पट्टे पडतात : नेमकं कुठे बिघडतं आणि काय करायचं

तक्रार साधारण एकाच शब्दांत येते. "मोठा असताना लोगो झकास दिसतो, वेबसाइटसाठी लहान केला की अक्षरं फाटतात." शिरोरेषा मध्येच गायब, अनुस्वार कुठे आहे कुठे नाही, गोलाच्या कडा दातेरी, आणि मागे निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अलगद उतरणारी छटा असेल तर तिचे सरळ पट्टे. मग माणूस सॉफ्टवेअर बदलून बघतो, क्वालिटीचा काटा शंभरावर नेतो, फाइल पुन्हा मागवून घेतो. पदरात पडतं ते तेच.

बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतोच, क्रमाचा असतो. आधी रंग कमी केलेले असतात आणि मग आकार. हे उलटं व्हायला हवं. आकाराचं, धार लावायचं, रंग उजळायचं जे काही काम असेल ते सगळं पूर्ण रंगांत उरकायचं, आणि रंग कमी करायचे ते अगदी शेवटी, सेव्ह करण्याच्या आधी. एवढं सांभाळलं तरी निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात. उरलेल्यांबद्दल खाली लिहिलंय.

आधी फाइलचा मोड बघा

गिंपमध्ये (चित्रांवर काम करायचं फुकट सॉफ्टवेअर) फाइल उघडली की खिडकीच्या वरच्या पट्टीत फाइलच्या नावापुढे मोड, म्हणजे रंग साठवायची पद्धत, लिहिलेला असतो : आरजीबी, ग्रेस्केल किंवा इंडेक्स्ड. फोटोशॉपमध्ये टॅबवरच्या नावाशेजारी 'इंडेक्स' असं दिसतं. इंडेक्स्ड दिसलं की थांबा, आकाराला हात लावू नका.

आरजीबी फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःचा रंग बाळगून असतो, १,६७,७७,२१६ रंगांपैकी कुठलाही. इंडेक्स्ड फाइलमध्ये पिक्सेलकडे रंग नसतो, फक्त अनुक्रमांक असतो. खरे रंग एका तक्त्यात मांडलेले असतात आणि त्या तक्त्यात जास्तीत जास्त २५६ घरं. कॉम्प्युसर्व्हने १९८७ साली जिफ आणलं ते याच पद्धतीवर, आणि पीएनजीमध्येही हा पर्याय आहे. जागा वाचते, त्यात वाद नाही. पण आकार कमी करायचा म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढायची, आणि अनुक्रमांकांची सरासरी काढून काय मिळणार? तक्त्यातला १४ वा रंग कुंकवी असेल आणि १६ वा पोपटी, तर १५ वा त्या दोघांच्या मधला असेलच असं नाही. तो जांभळासुद्धा असू शकतो.

म्हणून सॉफ्टवेअर सरासरीच्या भानगडीत पडत नाही. सरळ एक पिक्सेल उचलतं आणि बाकीचे टाकून देतं. फोटोशॉपमध्ये अशा वेळी 'नियरेस्ट नेबर' हा एकच मार्ग उरतो. गिंप तर आकार बदलायच्या चौकटीत खाली बारीक सूचनाही देतं, की इंडेक्स्ड थर इंटरपोलेशनशिवायच, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी न काढताच, लहान-मोठे होतील. ती सूचना कुणी वाचत नाही.

शिरोरेषेचं काय होतं, ते जवळून

समजा लोगो १२०० पिक्सेल रुंद आहे आणि २०० करायचा आहे, म्हणजे सहापट लहान. नव्या चित्रातला एक पिक्सेल जुन्या सहा गुणिले सहा, म्हणजे ३६ पिक्सेलांच्या जागी बसणार. इंडेक्स्ड मोडमध्ये त्या ३६ मधला एकच निवडला जातो. छत्तीस जणांच्या बैठकीत एकाला विचारून ठराव लिहावा, तसा हा कारभार.

आता लोगोत 'वस्त्रभांडार' असं लिहिलंय आणि शिरोरेषा ४ पिक्सेल जाड आहे. सॉफ्टवेअर दर सहावी ओळ उचलणार. ती ओळ शिरोरेषेच्या चार ओळींपैकी एक निघाली तर रेषा ठळक येते, नाही निघाली तर अख्खी शिरोरेषा उडते. मजकूर कमानीत बसवलेला असेल (गोल लोगोत असतोच) तर रेषा काही अक्षरांवर सापडते, काहींवर निसटते. 'शिरोरेषा तुटते' म्हणतात ते हेच. उभ्या दांड्यांचंही तसंच. 'भां' मधला काना नेमका निसटला की दुकानाचं 'भंडार' होतं, आणि मालक फोन करून विचारतो की शुद्धलेखन कुणी तपासलं. अनुस्वाराचा ठिपका मुळात दहा पिक्सेल रुंद असेल तर नव्या चित्रात त्याच्या रुंदीच्या वाट्याला दोन पिक्सेलसुद्धा धड येत नाहीत. तो एक, दोन किंवा चार पिक्सेलांचा होतो, ज्याचं जसं नशीब.

रोमन अक्षरांना हा त्रास थोडा कमी जाणवतो, कारण तिथे सगळ्या अक्षरांना बांधून ठेवणारी एक लांब आडवी रेषा नसते. त्यामुळे इंग्रजी लोगोसाठी ठीक चाललेली पद्धत मराठी लोगोवर वापरली की उघडी पडते.

तेच काम आरजीबीत केलं तर ३६ पिक्सेलांची सरासरी निघते. रेषेच्या चारही ओळी एकाच घरात आल्या तर दोन तृतीयांश काळी अशी गडद राखाडी रेषा मिळते. दोन-दोन अशा वाटल्या गेल्या तर दोन फिकट ओळी मिळतात. डोळ्याला दोन्हीकडे रेषाच दिसते. कडेच्या या मधल्या छटांमुळेच अक्षर गुळगुळीत भासतं.

दुरुस्ती

फाइल आधीच इंडेक्स्ड असेल तर गिंपच्या इमेज मेनूत मोडमध्ये जाऊन आरजीबी निवडा. गेलेले रंग त्याने परत येत नाहीत, पण पुढची सरासरी नीट होते. मग स्केल इमेज. इंटरपोलेशनमध्ये 'नन' सोडून काहीही चालेल. निम्म्याहून जास्त लहान करायचं असेल तर मी नोहेलो घेतो, नाहीतर क्युबिक. फोटोशॉपमध्ये 'बायक्युबिक शार्पर' लहान करण्यासाठीच दिलेलं आहे.

आकार एकाच उडीत बदला. १२०० चे ८००, मग ५००, मग २०० असं टप्प्याटप्प्याने करत गेलं की दर टप्प्याला थोडं पुसट होतं आणि शेवटी सगळं लोण्यात बुडाल्यासारखं दिसतं.

लहान झाल्यावर अनशार्प मास्कने हलकी धार लावा. रेडियस अर्ध्या पिक्सेलच्या आसपास, अमाउंटही अर्ध्याच्या आसपास. जास्त झालं की अक्षरांभोवती पांढरी झाक येते, आणि त्या झाकेचे रंग पुढे तक्त्यातली घरं खातात.

मग मोडमध्ये जाऊन इंडेक्स्ड. 'जनरेट ऑप्टिमम पॅलेट' निवडा (पॅलेट म्हणजे तोच रंगांचा तक्ता). 'वेब ऑप्टिमाइज्ड पॅलेट' चुकूनही नको. ते २१६ रंगांचं ठरावीक पॅलेट २५६ रंगच दाखवू शकणाऱ्या जुन्या मॉनिटरांसाठी होतं. आज त्याचा उपयोग एकच, भगव्याची नारिंगी करणं.

एक्स्पोर्ट करा आणि लगेच कंट्रोल-झेड दाबून आरजीबीत परत या. मूळ काम एक्ससीएफमध्ये (गिंपची फाइल) किंवा पीएसडीमध्ये (फोटोशॉपची) पूर्ण आकारात, पूर्ण रंगांत राहू दे. पुढच्या महिन्यात मालकाला ३०० पिक्सेलचा लोगो हवा झाला तर तो २०० च्या फाइलवरून नाही, या मूळ फाइलवरून निघाला पाहिजे.

किती रंग ठेवायचे

सपाट रंगांच्या लोगोला २५६ लागत नाहीत. 'दोनच रंग आहेत ना, मग दोन ठेवतो' असंही करू नका, कारण कडेच्या त्या मधल्या छटा उडतात आणि दातेरीपणा परत येतो. एका रंगाचं अक्षर आणि एका रंगाची पार्श्वभूमी असेल तर १६ रंगांत सुरेख भागतं. पीएनजीमध्ये १६ रंगांपर्यंत एका पिक्सेलला अर्धा बाइट पुरतो, सतरावा रंग आला की पूर्ण बाइट लागतो. तेव्हा १६ वर भागत असेल तर २० ठेवण्यात हशील नाही. तीन-चार रंग एकमेकांना भिडत असतील तर ३२ किंवा ६४ करून बघा.

आणि मुळात गरज आहे का, हेही विचारा. सपाट लोगोची पूर्ण रंगांतली पीएनजी बऱ्याचदा इतकी लहान असते की रंग कमी करून वाचतात ते मोजके केबी. त्यासाठी अक्षरांशी खेळू नये, असं माझं मत.

पट्टे पडतात तेव्हा

८०० पिक्सेल उंचीच्या आकाशाला तक्त्यातली २० घरं मिळाली तर ४० पिक्सेल रुंदीचा एकेक पट्टा दिसणारच. यावर उपाय डिदरिंगचा. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुइस स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली मांडलेली पद्धत अजूनही सगळीकडे चालते. पिक्सेलला जवळचा रंग द्यायचा, आणि जी तफावत राहिली ती शेजाऱ्यांत वाटायची : सोळापैकी ७ हिस्से उजवीकडच्याला, खालच्या ओळीत डावीकडे ३, सरळ खाली ५ आणि उजवीकडे १. लांबून बघणाऱ्याला ठिपके मिसळून मधली छटा दिसते.

छटांना डिदरिंग हवं, अक्षरांना नको. सपाट भगव्या रंगात ठिपके उठले की लोगो मळका वाटतो. शिवाय पीएनजी आणि जिफ दोन्हींचं कॉम्प्रेशन पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीवर जगतं, ठिपक्यांनी ती नक्षी मोडते आणि फाइल फुगते. म्हणजे रंग कमी करून वाचवलेलं डिदरिंगमध्ये गेलं. हलणाऱ्या जिफमध्ये तर फ्लॉइड-स्टाइनबर्गचे ठिपके प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडतात आणि पार्श्वभूमी वळवळते. तिथे गिंपमधलं 'पोझिशन्ड' डिदरिंग बरं, त्याचे ठिपके जागा सोडत नाहीत.

कुणी डिदर केलेली फाइलच पाठवली असेल तर आरजीबीत नेऊन आधी अगदी हलका ब्लर द्या, मग लहान करा. तसंच लहान केलं तर ठिपक्यांची जाळी उमटते. निम्म्याहून लहान होत असेल तर ठिपके बरेचसे आपोआप विरघळतात.

लहानसा पण महत्त्वाचा रंग हरवतो

पैठणीच्या जाहिरातीत बाईच्या कपाळावरचं लाल कुंकू तपकिरी झालं, बाकी सगळं ठीक, अशी एक जात असते. पॅलेट बनवताना जो रंग चित्रात जास्त पसरलाय त्याला जास्त घरं मिळतात. साडीचा हिरवा आणि त्वचेच्या छटा बहुतेक घरं घेऊन जातात, मूठभर पिक्सेलांच्या कुंकवाला जवळच्या तपकिरीत कोंबलं जातं.

सोपी युक्ती अशी : रंग कमी करण्याआधी कॅनव्हास एका बाजूने थोडा वाढवा, त्या पट्टीत तोच लाल भरा, इंडेक्स्ड करा आणि पट्टी कापून टाका. लालला घर मिळालेलं असतं. फोटोशॉपमध्ये कुंकवाभोवती सिलेक्शन करून मोड बदललात तर निवडलेल्या भागाच्या रंगांना झुकतं माप मिळतं.

अर्थात असा फोटो असेल तर रंग कमी करायचेच कशाला? फोटो जेपीजीत ठेवा. जेपीजीत तक्ता हा प्रकारच नसतो. रंग ६४ वर आणून मग जेपीजी केली की फाइल लहान होत नाही, उलट वाढते, कारण पट्ट्यांच्या कडा आणि ठिपके जेपीजीला जड जातात. परीक्षेच्या फॉर्मला फोटो ५० केबीत बसवायचा असतो तेव्हा लोक हमखास हे करतात. तिथे पिक्सेल कमी करा, मग क्वालिटी उतरवा. रंगांना हात लावू नका.

मूळ फाइलच जेपीजी असेल

व्हॉट्सॲपवरून आलेला लोगो म्हणजे पुन्हा दाबलेली जेपीजी. अक्षरांभोवती मुंग्या फिरताना दिसतात आणि पांढरा दिसणारा भाग पांढरा नसतोच : कुठे २५४, कुठे २५१, कुठे किंचित पिवळट. रंग कमी करताना हे सगळे 'पांढरे' तक्त्यात जागा अडवून बसतात. कलर्स मेनूतल्या लेव्हल्समध्ये उजवा त्रिकोण २५५ वरून २४५ च्या आसपास सरकवला की ते एकसारखे पांढरे होतात. त्यानंतरच आकार आणि रंग. आणि पाठवणाऱ्याला सांगा, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी कडा

जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण भरीव. अर्धपारदर्शक कडा पांढऱ्याशी मिसळून भरीव झाल्या की तोच लोगो मरून रंगाच्या पट्टीवर ठेवल्यावर भोवती पांढरी झालर दिसते. गिंपचं इंडेक्स्डही पारदर्शकतेबाबत असंच आहे. लोगो ज्या रंगावर बसणार तो रंग पार्श्वभूमी म्हणून निवडून 'सेमी-फ्लॅटन' चालवा (अर्धपारदर्शक कडा त्या रंगात मिसळतात), मग इंडेक्स्ड करा. तो कुठल्याही रंगावर ठेवायचा असेल तर गिंपमधून पूर्ण पीएनजी काढा आणि पीएनजीक्वांट या फुकट मिळणाऱ्या साधनातून जाऊ द्या. ते तक्त्यातल्या रंगांनाही अर्धपारदर्शकता देतं.

गडदवरच्या पांढऱ्या अक्षरांची आणखी एक खोड आहे. क्रम बरोबर असूनही ती बारीक आणि मलूल दिसतात. फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. काळा ० आणि पांढरा २५५ यांची सरासरी बरीच सॉफ्टवेअरं १२८ धरतात, पण निम्म्या प्रकाशाचा आकडा १८८ च्या जवळ येतो. इमेजमॅजिक (आज्ञा टाइप करून चालवायचं साधन) वापरणाऱ्यांनी आधी लिनियर आरजीबीत, म्हणजे जिथे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतात तिथे, नेऊन आकार बदलावा आणि मग नेहमीच्या एसआरजीबीत परत यावं. बाकीच्यांनी मोठ्या फाइलमध्येच अक्षरांना पातळशी बाह्यरेषा देऊन थोडं जाड करावं.

बिलाच्या प्रिंटरवर

रंग कमी करण्याचं टोक म्हणजे थर्मल प्रिंटर. काळा किंवा काहीच नाही, मधलं राखाडी नाही. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरवर एका मिलिमीटरला ८ ठिपके, आणि ५८ मिलिमीटरच्या रोलवर कडा सोडून छापण्याजोगी रुंदी सहसा ३८४ ठिपके आणि ८० च्या रोलवर सहसा ५७६. लोगो नेमका याच रुंदीचा किंवा याहून कमी करायचा, तोही ग्रेस्केलमध्ये.

मग कलर्समधलं थ्रेशोल्ड : त्या आकड्याच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. इथे शिरोरेषेचा वरचा हिशेब आठवा, आकड्यांची सरळ सरासरी धरून. शिरोरेषा एकाच ओळीत आली असेल तर तिची किंमत ८५ च्या आसपास असते, आणि १२७ च्या नेहमीच्या थ्रेशोल्डला ती काळी होते. पण दोन ओळींत वाटली गेली असेल तर दोन्ही ओळी १७० च्या, म्हणजे १२७ ला दोन्ही पांढऱ्या! रेषा अख्खी गेली. थ्रेशोल्ड १८० वर नेलं की दोन्ही काळ्या होतात. म्हणून मराठी मजकुराला थ्रेशोल्ड जरा वर ठेवावं लागतं. फार वर नेलं तर 'ळ' चे डोळे बुजतात, 'ष' ची तिरपी रेघ पोटात मिसळते. १५० पासून सुरू करून 'ळ' कडे बघत बघत वर जा. एवढ्याने रेषा सापडत नसेल तर लोगो एखाददुसऱ्या पिक्सेलने वर सरकवून पुन्हा लहान करा, ओळींची वाटणी बदलते. अक्षरांना डिदरिंग इथेही नको. देवाचं चित्र असेल तर तेवढ्यापुरतं द्या.

एवढं करूनही बिलावर रेषा तुटत असेल तर बिलिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जा. लोगो 'रुंदीला बसवा' अशा अर्थाची खूण असेल तर काढा. तुम्ही ३८४ ची काळी-पांढरी फाइल दिली आणि सॉफ्टवेअरने तिचे ३६० केले, की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं.

मोबाइलवर पुसट दिसतं

लोगोची जागा २०० पिक्सेलची असली तरी आजच्या मोबाइलचा पडदा तिथे दुप्पट-तिप्पट ठिपके वापरतो. ४०० ची फाइल द्या आणि पानावर तिची रुंदी २०० सांगा. शिरोरेषेलाही दुप्पट जागा मिळते.

हातात फक्त १२० पिक्सेलची जिफ असेल

ती मोठी होणार नाही. कुठलंही इंटरपोलेशन लावा, मिळेल ते पुसट किंवा ठोकळ्यांचं. आधी फ्लेक्सवाल्याकडे किंवा लग्नपत्रिका-व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्याकडे मूळ कोरलड्रॉ फाइल मागा. मालकाकडे नसली तरी त्याच्याकडे असते. मागताना मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, करून मागा. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबलं की झालं. नाहीतर तुमच्याकडे तो श्रीलिपीचा फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी रोमन कचरा दिसतो. फाइल मिळालीच नाही तर चिन्ह इंकस्केपमध्ये ट्रेस करा, पण अक्षरं ट्रेस करू नका. १२० पिक्सेलच्या 'स्त्र' वरून निघालेला 'स्त्र' कधीच सरळ येत नाही. जवळचा फॉन्ट शोधून नाव नव्याने टाइप करा आणि मालकाला दाखवून होकार घ्या.